मेकॉलेचे कपाट मराठी घरात

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपतात आणि पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक, नागपूर अशा शहरांतून पुस्तक प्रदर्शनांचे मांडव उभे राहतात. त्यांतील सर्वाधिक गर्दी असते ती मुलांच्या इंग्रजी पुस्तकांच्या टेबलांपाशी. काही प्रदर्शनांत तर पुस्तके वजनावर मिळतात. भाजी निवडताना भेंडीचे देठ मोडून पाहणारी गृहिणी आणि मुदतठेवीच्या व्याजदरात पाव टक्क्याचा फरक हेरणारा गृहस्थ, हे दोघेही त्या टेबलापाशी आले की आश्चर्यकारक औदार्य दाखवतात. कागद गुळगुळीत आहे, चित्रे रंगीत आहेत, मुखपृष्ठावर 'आठ ते दहा वर्षे' असा शिक्का आहे आणि मजकूर इंग्रजीत आहे, एवढे पाहून पुस्तक पिशवीत पडते. त्या पुस्तकात काय आहे, ते कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि आपल्या मुलाला ते काय सांगणार आहे, हे प्रश्न विचारण्याची गरज कोणालाही वाटत नाही.

ही उदासीनता साधी नाही. आठ-दहा वर्षांचे मूल गोष्ट वाचते तेव्हा ते माहिती गोळा करत नसते. शूर कोण असतो, हास्यास्पद कोण असतो, सुंदर घर कसे दिसते, सण म्हणजे काय, आजी कशी बोलते, याची चित्रे ते मनात साठवत असते. ही चित्रे पुढे आयुष्यभर पुसली जात नाहीत. ज्या घराने मुलाच्या मनातील ही चित्रशाळा परक्या हाती देऊन टाकली, त्या घराने पुढे 'मुलांना आपल्या संस्कृतीची ओढ नाही' अशी तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

मेकॉलेने खरोखर काय लिहिले

लॉर्ड मेकॉलेचे नाव राष्ट्रीय विचारांच्या व्यासपीठांवरून नेहमी घेतले जाते. त्याच्या नावावर एक उताराही सर्वत्र फिरत असतो. आपण भारतभर हिंडलो, कोठेही भिकारी वा चोर दिसला नाही, म्हणून या देशाचा कणा मोडण्यासाठी येथील शिक्षणपद्धती बदलली पाहिजे, असे त्याने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत सांगितले, असा त्याचा आशय. हा उतारा बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हताच, तो भारतात होता. राष्ट्रकार्य करणाऱ्यांनी असल्या बनावट पुराव्यांचा आधार घेणे तत्काळ थांबवले पाहिजे. त्याची आवश्यकताही नाही, कारण मेकॉलेने त्याच तारखेच्या आपल्या टिपणात जे खरोखर लिहिले, ते पुरेसे आहे.

आपल्याला संस्कृत वा अरबी येत नाही, अशी कबुली त्याने त्या टिपणात दिली आहे. आणि तरीही, एखाद्या चांगल्या युरोपीय ग्रंथालयातील एका कपाटाचा एक फळा भारत आणि अरबस्तानच्या समग्र वाङ्मयाच्या तोलाचा आहे, असा निवाडा त्याने दिला. न वाचता दिलेला हा निवाडा. अज्ञान कबूल करून त्याच दमात सर्वज्ञाचा आव आणणे केवळ सत्ताधाऱ्यालाच परवडते.

मेकॉले १८५९ मध्ये वारला. इंग्रजांचे राज्य १९४७ मध्ये संपले. परंतु तो फळा संपला नाही. आज तो मराठी सदनिकेत मुलांच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलाच्या वर भिंतीला ठोकलेला आहे, आणि तो ठोकायला कोणीही गोरा अधिकारी आलेला नव्हता. मराठी आईवडिलांनी स्वखुशीने, स्वखर्चाने तो ठोकला आहे. मराठीतील समग्र बालवाङ्मय न वाचता, न पाहता, 'मराठीत मुलांसाठी चांगले काही नाहीच' हा निवाडा जेव्हा एखादा उच्चशिक्षित मराठी पिता देतो, तेव्हा तो मेकॉलेचेच वाक्य बोलत असतो. फरक इतकाच, की मेकॉलेने आपले अज्ञान निदान कबूल केले होते.

गोष्टीतला भारत

या फळ्यावर जी पुस्तके असतात, त्यांतील भारत कसा आहे, हे एकदा तपासून पाहण्यासारखे आहे. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट या लेखिकेची 'द सीक्रेट गार्डन' ही १९११ ची कादंबरी आजही इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून आवडीने वाचली जाते. तिची नायिका मेरी भारतात जन्मलेली इंग्रज मुलगी. ती आजारी, पिवळी पडलेली, हेकट आणि उर्मट आहे, आणि लेखिका याचे कारण भारतातील हवा आणि पुढे-पुढे करणारे तेथील नोकर यांत शोधते. भारत म्हणजे उष्मा, पटकीची साथ आणि शब्द झेलणारी आया. मेरी बरी होते, हसायला शिकते, माणसात येते ती इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या मोकळ्या वाऱ्यात. कथा म्हणून ही कादंबरी रसाळ आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण मराठी मुलगी ती वाचते तेव्हा ती कोणाच्या जागी उभी राहते? मेरीच्या. आणि मेरीच्या जागी उभे राहून ती ज्या देशाकडे पाहते, तो तिचा स्वतःचा देश असतो. स्वतःच्या मातीकडे परक्याच्या नाकाने पाहण्याचा हा पहिला धडा.

रोआल्ड डाल याचे 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' हे १९६४ चे पुस्तक तर बहुतेक प्रत्येक घरात आहे. त्यात पाँडिचेरी नावाचा एक भारतीय राजपुत्र येतो. तो संपूर्ण चॉकलेटचा राजवाडा बांधून घेतो आणि हा लवकर खाऊन टाका, असे सांगितले असताही त्यात राहण्याचा हट्ट धरतो. एके दिवशी कडक ऊन पडते आणि राजवाडा वितळून जातो. पाँडिचेरी हे कोणा राजपुत्राचे नाव नव्हे. ते १९५४ पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात असलेले भारतीय नगर आहे. परंतु लेखकाला गमतीदार नाव आणि मूर्ख संस्थानिक हवा होता, तो त्याला भारतात मिळाला. याच पुस्तकात कारखान्यात राबणारी बुटकी माणसे मूळ आवृत्तीत आफ्रिकेच्या जंगलातून आणलेली काळी माणसे होती. त्यावर टीका झाली तेव्हा १९७३ च्या आवृत्तीत ती गोरी आणि सोनेरी केसांची करण्यात आली. आफ्रिकी वंशाच्या लोकांनी आक्षेप घेतला, म्हणून त्यांच्याविषयीचा मजकूर बदलला. मूर्ख हिंदी राजपुत्र मात्र त्या बदलानंतरही जागेवरच राहिला. ज्यांना स्वतःच्या चित्राची काळजी असते त्यांच्यासाठीच जग आपली पाने बदलते, हा यातील धडा आहे.

रुडयार्ड किपलिंगची गोष्ट थोडी निराळी. त्याचा जन्म १८६५ चा, मुंबईचा. त्याचे वडील जे. जे. कलाशाळेत शिकवत. त्याचे १८९४ चे 'द जंगल बुक' मध्य भारतातील सिवनीच्या अरण्यात घडते. त्याची भाषा उत्तम आहे आणि वन्य प्राण्यांविषयीची त्याची जाण आजही मोहवते. परंतु याच किपलिंगने १८९९ मध्ये काळ्या-सावळ्या जगाला सुधारणे हे गोऱ्या माणसाच्या खांद्यावरील ओझे आहे, असे सांगणारी कविता लिहिली. असे पुस्तक मुलाला देऊ नये काय? अवश्य द्यावे. मात्र ते देणाऱ्या बापाला ही दुसरी बाजू माहीत असावी, आणि मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की ती त्याला सांगावी. अडचण पुस्तकात असते त्यापेक्षा अधिक पुस्तक देणाऱ्याच्या अज्ञानात असते.

इंग्लंड स्वतः जागे आहे

मराठी मध्यमवर्गाच्या तीन पिढ्यांनी डोक्यावर घेतलेली लेखिका म्हणजे एनिड ब्लायटन. १८९७ ते १९६८ हा तिचा जीवनकाळ. तिची पुस्तके वाचत मोठी झालेली मंडळी आज आपल्या नातवंडांना तीच पुस्तके भक्तिभावाने भेट देतात. खुद्द इंग्लंडमध्ये काय घडले? तिच्या नॉडीच्या कथांतील काळ्या बाहुल्यांची पात्रे पुढील आवृत्त्यांतून काढून टाकण्यात आली. तिच्या स्मरणार्थ नाणे काढण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये ब्रिटिश टांकसाळीच्या सल्लागार समितीने तिच्यावरील वंशभेदाच्या आरोपांमुळे बाजूला ठेवला. २०२१ मध्ये 'इंग्लिश हेरिटेज' या संस्थेने तिच्याविषयीच्या माहितीत त्या टीकेची नोंद केल्यावरून तेथील वृत्तपत्रांत मोठे वादंग झाले. २०२३ मध्ये डालच्या पुस्तकांतील शेकडो शब्द प्रकाशकाने बदलल्याचे उघड झाले आणि गदारोळ उठल्यावर मूळ स्वरूपातील आवृत्त्याही छापण्याची घोषणा त्याला करावी लागली.

मेलेल्या लेखकाच्या वाक्यांना कात्री लावणे योग्य नव्हे. तो वाङ्मयाशी अप्रामाणिकपणा आहे, आणि या देशातील कोणीही त्याचे अनुकरण करू नये. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या मुलांच्या हातात काय पडते याविषयी तो देश भांडतो. तेथे बाजूने आणि विरुद्ध बोलणारे दोन्ही पक्ष त्या पुस्तकांची पाने उघडून, वाक्ये काढून वाद घालतात. येथे मात्र तीच पुस्तके, त्यांतील सर्व गुणदोषांसह, वजनकाट्यावर तोलली जातात. ज्यांची पुस्तके ते जागे, आणि ज्यांच्या घरी ती येतात ते निद्रिस्त, असा हा विपरीत प्रकार आहे.

तीन सबबी

या विषयावर बोलू लागले की पालकांच्या तीन सबबी ठरलेल्या असतात. पहिली सबब म्हणजे 'वाचतोय हे काय कमी आहे? काहीही वाचू दे, गोडी तर लागेल.' मुलाने जेवावे म्हणून त्याला वाटेल ते खाऊ घालणारी आई कोणी शहाणी म्हणत नाही. बिस्किटाच्या पुड्यावरील घटकद्रव्यांची यादी भिंग लावून वाचणाऱ्या घरात पुस्तकाचा मात्र पहिला परिच्छेदही वाचला जात नाही. शिवाय गोडी लागते ती ज्याची लागते त्याचीच. शाळेतल्या फजितींच्या व्यंगचित्रमालिका आणि त्याच त्या साच्यातील विनोद वाचणाऱ्या मुलाला आपोआप पुढे उत्तम वाङ्मयाची गोडी लागते, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

दुसरी सबब इंग्रजीची. 'देशी पुस्तके दिली तर मुलाचे इंग्रजी कच्चे राहील.' या वाक्यात जितका न्यूनगंड आहे, तितका क्वचितच दुसऱ्या कोणत्या वाक्यात असेल. आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' ही कादंबरी १९३५ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाली, ती ग्रॅहम ग्रीनसारख्या इंग्रज कादंबरीकाराने तिच्यासाठी शब्द टाकला म्हणून. मसुरीच्या डोंगरात राहून लिहिणाऱ्या रस्किन बाँड यांचे इंग्रजी इतके निर्मळ आहे, की ते लहान मुलाला मोठ्याने वाचून दाखवताना एकही वाक्य अडखळत नाही. उलट बाजारात मिळणाऱ्या असंख्य 'संक्षिप्त अभिजात' पुस्तकांवर संक्षेप करणाऱ्याचे नावही नसते. चारशे पानांची कादंबरी साठ पानांत कोंबलेली, वाक्यांची मोडतोड झालेली आणि शैलीचा मागमूसही न उरलेली. असे पुस्तक वाचून मुलाचे इंग्रजी सुधारते, असे मानणाऱ्यांनी त्यातील एक पान स्वतः मोठ्याने वाचून पाहावे.

तिसरी सबब उदारमतवादाची. 'जग आता एक झाले आहे, मुलांनी जागतिक वाङ्मय वाचावे.' हे सर्वथा मान्य. हिंदू परंपरेने ज्ञानाला कधी कुंपण घातले नाही. पण इंग्लंड-अमेरिका म्हणजे जग नव्हे. तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' हे १९८१ चे जपानी पुस्तक मराठीत उपलब्ध आहे आणि ते वाचून मोठी झालेली मराठी मुले हजारोंनी सापडतील. ॲस्टरिक्स आणि टिनटिन मूळ इंग्रजी नाहीतच, ते फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आले. इंग्रजी भाषा जर इतरांच्या गोष्टी अनुवाद करून आपल्या मुलांना देते, तर जपानी वा फ्रेंच गोष्ट मराठी मुलापर्यंत पोहोचण्यासाठी इंग्रजीची पायरी प्रत्येक वेळी अनिवार्य का मानावी?

जागतिकतेच्या या प्रश्नावर नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांनी २००९ च्या आपल्या गाजलेल्या भाषणात स्वतःचे उदाहरण दिले होते. लहानपणी त्या ब्रिटिश आणि अमेरिकन गोष्टीच वाचत. त्यामुळे सातव्या वर्षी लिहू लागल्या तेव्हा त्यांच्या गोष्टींतील मुले गोरी, निळ्या डोळ्यांची, बर्फात खेळणारी आणि सफरचंदे खाणारी होती. त्यांच्या गावात बर्फ कधी पडला नव्हता. आपल्यासारखी माणसे पुस्तकात असू शकतात, हेच त्यांना ठाऊक नव्हते. आफ्रिकेतील एका विदुषीला जे उमगले, ते कोथरूड आणि विलेपार्ल्याच्या सुशिक्षित घरांना उमगू नये, याचे नवल वाटते. कोणत्याही इंग्रजी शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांना गोष्ट लिहायला सांगून पाहावे. त्यांतील किती पात्रांची नावे मराठी असतील आणि किती गोष्टींत पावसाळा असेल, हे पाहून पालकांनी आपला निष्कर्ष काढावा.

वाघिणीचे दूध

इंग्रजीचा द्वेष ही या मातीची परंपरा नाही. इंग्रजी विद्येला वाघिणीचे दूध म्हणणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू करतात, आणि ते दूध पचवून स्वभाषेत गर्जना करतात. मराठी बालवाङ्मयाचा आरंभही अनुवादानेच झाला. बापू छत्रे यांनी १८२८ मध्ये इसापाच्या कथा मराठीत आणल्या. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक काढले आणि जगभरचे ज्ञान सोप्या मराठीत मुलांपुढे ठेवले. या मंडळींनी परक्या घरातून वस्तू आणली ती आपल्या घरात मांडण्यासाठी, आपले घर मोडून परक्या घरात राहायला जाण्यासाठी नव्हे.

भा. रा. भागवत हे या परंपरेचे अलीकडचे उत्तम उदाहरण. त्यांनी ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या, इंग्रजी साहसकथांचा साचा नीट अभ्यासला आणि मग फुरसुंगीचा बनेश फेणे निर्माण केला. सायकलवरून भरधाव सुटणारा, 'ट्टॉक' करणारा हा किडकिडीत मुलगा ब्लायटनच्या कोणत्याही पात्राइतकाच धाडसी आहे, पण तो पुण्याच्या रस्त्यांवरून फिरतो आणि मराठीत विचार करतो. ज्या घरात ब्लायटनचे एकवीस भाग ओळीने मांडलेले आहेत आणि फास्टर फेणे एकही नाही, त्या घराने वाघिणीचे दूध घेतले खरे, पण ते बाटलीतून, आणि गुरगुरण्याऐवजी म्याव म्हणण्यासाठी.

गोष्टी सांगण्याच्या बाबतीत हा देश कोणाचा ऋणको नाही. पंचतंत्र सहाव्या शतकात इराणच्या दरबारी पेहलवीत गेले, आठव्या शतकात अरबीत 'कलिला व दिमना' झाले, पुढे युरोपच्या भाषांतून फिरत १५७० मध्ये थॉमस नॉर्थच्या हातून इंग्रजीत पोहोचले. फ्रेंच कथाकार ला फाँतेन याने १६७८ मध्ये आपल्या अनेक कथांचे श्रेय भारतीय ऋषी पिलपे याला मोकळेपणी दिले. ज्या देशाने जगाला करटक-दमनक दिले, त्या देशातील मुलाने तीच कथा एखाद्या परदेशी संग्रहात वाचून ती परदेशी समजावी, ही शोकांतिका कोणत्याही आक्रमकाने लादलेली नाही.

इंग्रजीतच, पण आपले

मूल इंग्रजी माध्यमात शिकते आणि इंग्रजीतच सहज वाचते, ही अनेक घरांची वस्तुस्थिती आहे. तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. परंतु अशा घरांनाही सबब उरत नाही, कारण इंग्रजीतच भारतीय मातीतली उत्तम पुस्तके उपलब्ध आहेत.

धनगोपाल मुखर्जी हे नाव किती मराठी पालकांना ठाऊक आहे? बंगालमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले हे लेखक. त्यांच्या 'गे-नेक' या कलकत्त्याच्या एका कबुतराच्या कथेला १९२८ मध्ये अमेरिकेतील बालसाहित्याचा सर्वोच्च मानला जाणारा न्यूबेरी पुरस्कार मिळाला. हिमालयाच्या शिखरांवरून उडणारे आणि पहिल्या महायुद्धात संदेश वाहून नेणारे हे कबुतर. याच मुखर्जींनी प्रभू रामचंद्रांची आणि हनुमंताची कथाही अमेरिकन मुलांसाठी इंग्रजीत लिहिली. देश पारतंत्र्यात असताना एका हिंदू लेखकाने परदेशातील मुलांना आपल्या कथांनी जिंकले, आणि स्वतंत्र देशातील मुलांना त्याचे नावही माहीत नाही.

अनिता देसाई यांच्या 'द व्हिलेज बाय द सी' या १९८२ च्या कादंबरीची भूमी तर महाराष्ट्रातलीच आहे. अलिबागजवळील थळ हे गाव, आजारी आई, दारूच्या आहारी गेलेला बाप, धाकट्या बहिणींना सांभाळणारी लीला आणि कामाच्या शोधात मुंबई गाठणारा, घड्याळदुरुस्ती शिकणारा तिचा भाऊ हरी. गावाजवळ येऊ घातलेला खत कारखाना आणि त्यामुळे बदलणारे जीवन यांचे त्यात दर्शन आहे. या पुस्तकाला १९८३ मध्ये ब्रिटनमधील 'गार्डियन' वृत्तपत्राचा बालकादंबरी पुरस्कार मिळाला. यात दारिद्र्य आहे, पण त्याची टिंगल नाही, आणि स्वतःच्या पायावर उभे राहणाऱ्या भावंडांचे शील आहे. बारा वर्षांच्या मराठी मुलाला यॉर्कशायरचे माळरान माहीत असावे आणि मांडव्याच्या धक्क्यापलीकडचे थळ माहीत नसावे, हे कोणत्या शिक्षणात बसते?

राजाजींनी इंग्रजीत लिहिलेली महाभारत आणि रामायण ही दोन पुस्तके भारतीय विद्या भवनाने दशकानुदशके अल्प किमतीत घरोघरी पोहोचवली. 'अमर चित्रकथा' अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केली, त्यामागील प्रसंग प्रसिद्ध आहे. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक दैवतांची माहिती सांगता आली, मात्र श्रीरामाच्या आईचे नाव सांगता आले नाही. एका माणसाने तक्रार करत बसण्याऐवजी कामाला सुरुवात केली आणि दोन पिढ्यांना पुराणपुरुष व राष्ट्रपुरुष परिचित करून दिले. १९५७ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या संस्थांची पुस्तके आजही चहा-फराळाच्या खर्चात मिळतात. चेन्नईच्या 'तूलिका' प्रकाशनाने मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच पानावर छापलेली चित्रपुस्तके काढली आहेत. 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून अनेक भारतीय भाषांतील बालकथा विनामूल्य खुल्या केल्या आहेत. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' शांता गोखले यांच्या अनुवादाने २०२१ मध्ये इंग्रजीत आली आहे. अमेरिकेत वाढणाऱ्या ज्या मराठी मुलांना अजून देवनागरी सराईतपणे वाचता येत नाही, त्यांच्यासाठी तो अनुवाद मोलाचा आहे. पुण्यात वा नागपुरात राहून ज्याला मराठी वाचता येते, त्याच्या हाती मात्र तो देणे म्हणजे घरची विहीर सोडून बाटलीतले पाणी विकत घेणे होय.

निवडीची कसोटी

निवड म्हणजे बंदी नव्हे. होळी करायची आहे ती पुस्तकांची नाही, आळसाची आहे. चार साध्या कसोट्या प्रत्येक घर लावू शकते. पहिली कसोटी भाषेची. पुस्तकातील एक पान मोठ्याने वाचावे, वाक्य कानाला खटकले तर ते पुस्तक ठेवून द्यावे. संक्षेप वा अनुवाद कोणी केला हे ज्यावर छापलेले नाही, ते पुस्तक मुलाला देऊ नये. दुसरी कसोटी दृष्टीची. भारत, हिंदू आचार वा आपली माणसे पुस्तकात येत असतील तर ती माणसे म्हणून येतात की गंमत म्हणून, हे पाहावे. स्तुती नको, सत्य हवे. देवादिकांच्या कथांच्या ज्या इंग्रजी पुस्तिका निष्काळजीपणे छापलेल्या असतात, त्यांनाही हीच कसोटी लावावी. मुखपृष्ठावर श्रीगणेश आहे म्हणून आतील अशुद्ध भाषा आणि चुकीची कथा क्षम्य ठरत नाही. तिसरी कसोटी तोलाची. घरात येणाऱ्या प्रत्येक परदेशी पुस्तकामागे एक भारतीय मातीतले आणि एक मराठीतले पुस्तक आलेच पाहिजे. चौथी आणि सर्वांत कठीण कसोटी म्हणजे, मुलाला दिलेले पुस्तक आधी आईने वा बापाने स्वतः वाचलेले असावे.

ही चौथी कसोटी कठीण अशासाठी, की ती मुलांची परीक्षा घेत नाही, मोठ्यांची घेते. आणि येथे राष्ट्रीय विचारांच्या कुटुंबांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. पावसाला परत जायला सांगणाऱ्या इंग्रजी बडबडगीतावर बौद्धिकात टीका झाली की टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणारा कार्यकर्ता घरी जातो तेव्हा त्याच्या मुलाच्या फळ्यावर काय असते? शाखेत शिवचरित्र आणि घरात फक्त परदेशी मालिका, ही विसंगती किती घरांत आहे, हे ज्याचे त्याने तपासावे. ज्या वस्तीत अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालतात, तेथे मुलांच्या पुस्तकांची एक पेटी फिरती ठेवणे अवघड नाही. मुंजीत, वाढदिवसाला, बक्षीस समारंभात पुस्तक देण्याची जुनी रीत पुन्हा रुळवणे कठीण नाही. मात्र ते पुस्तक देणाऱ्याने वाचलेले असले पाहिजे. मराठी प्रकाशकांनाही जाब विचारायला हवा. पुस्तकाची बांधणी, चित्रे आणि छपाई जर दुय्यम राहिली, तर मुलाने इंग्रजी टेबलाकडे धाव घेतल्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही.

शासनाने आपल्या परीने पावले टाकली आहेत. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी विषय अनिवार्य झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह धरला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि सर्वत्र पेढे वाटले गेले. परंतु राजपत्रातील अधिसूचना रात्री मुलाच्या उशाशी बसून गोष्ट सांगत नाही. ते काम घरातल्या माणसांचे आहे. आजीला इंग्रजी येत नाही आणि नातवाला मराठी वाचता येत नाही, अशी घरे आज वाढत आहेत. एकाच छपराखाली राहणाऱ्या या दोघांमध्ये एकही सामाईक गोष्ट उरली नाही, तर त्या घरात पुढे परंपरा कशाच्या आधाराने चालायची?

मेकॉलेने न वाचता निवाडा दिला होता. त्याला उत्तर देण्याचा मार्ग एकच आहे. वाचावे, पारखावे, निवडावे, आणि मगच मुलाच्या हाती द्यावे. येत्या सुट्टीत प्रदर्शनाच्या मांडवात शिरताना प्रत्येक पालकाने वजनकाट्याकडे पाठ फिरवून आधी पुस्तकाचे पहिले पान उघडावे. त्याला लागणारी पाच मिनिटे ज्या घराकडे नाहीत, त्या घराच्या मुलांना दुसरेच कोणीतरी वाढवत आहे, हे त्याने निमूटपणे मान्य करावे.